जिप्सी किंगचा टायमिंग बेल्ट : किलोमीटर पाहावेत की वर्षे?

अनेरकाठ, चोपडा

नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची कार्ब्युरेटरची मारुती जिप्सी किंग आहे, म्हणजे १२९८ सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे इंजिन. गाडी हातोहात फिरत माझ्याकडे आली असल्यामुळे आधीच्या देखभालीची एकही पावती उपलब्ध नाही. मीटरची केबल मधल्या काळात केव्हा तुटली आणि केव्हा जोडली हेही कोणाला सांगता येत नाही. त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला फारसा अर्थ उरलेला नाही. वापर बेताचा आहे. केळीच्या बागेपर्यंत ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या नेणे, आणि पावसाळा सरला की वैजापूरच्या जंगलाकडे एखादी फेरी. चैत्र-वैशाखात ती बहुतेक वेळ पत्र्याच्या शेडखाली उभीच असते.

हल्ली फॅनच्या मागे, टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा ओलावा आणि त्यावर चिकटलेला मातीचा थर दिसू लागला आहे. एका गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा "बेल्ट तुटेपर्यंत चालतो, उगाच उघडू नका" असा सल्ला मिळाला. तो मला पटलेला नाही. गाडी इतकी कमी चालत असताना बेल्ट वर्षांच्या हिशेबाने बदलावा का, त्याच्याबरोबर आणखी काय बदलावे, आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट स्क्रूने जुळवणे), क्लच केबल, ब्रेक शू ही कामे घरी करणाऱ्या माणसाने हे काम स्वतः हाती घ्यावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

गोमाईपार, शहादा

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय "वर्षे" असे आहे. खालच्या क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर वरचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारा हा पट्टा रबराचा असतो आणि त्याच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात. दात झिजतात ते चालण्याने, पण रबर कडक होते ते उष्णतेने आणि वयाने, आणि त्यासाठी गाडी चालावीच लागते असे नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा विचार करावा. शिवाय उभ्या गाडीत पट्ट्याचे तेच ते दात क्रँकच्या लहान चक्रावर महिनोन्महिने वळलेल्या अवस्थेत, स्प्रिंगच्या ताणाखाली पडून राहतात.

टायमिंग चेनच्या इंजिनात चेन सैल झाली की ती आधी खडखडते आणि मालकाला सावध करते. पट्टा तसे काही करत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत शांतपणे चालतो आणि मग दात सोडतो किंवा तुटतो, आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. तोरणमाळच्या चढावर किंवा धडगावच्या अलीकडे, जिथे फोनला रेंज मिळत नाही तिथे हे घडले, तर गाडी ओढून आणण्याचा खर्च पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. "तुटेपर्यंत चालतो" हा सल्ला शहरातल्या रस्त्यावर एक वेळ ऐकावा, सातपुड्यात जाणाऱ्याने अजिबात ऐकू नये.

एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. जिप्सीची बहीण शोभणारी सुझुकी सामुराई परदेशात अजूनही मोठ्या संख्येने चालते, आणि तिच्या आठ व्हॉल्व्हच्या १.३ लिटर इंजिनाबद्दलचा सर्वत्र अनुभव असा की पट्टा तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही. हे मूळ अवस्थेतल्या इंजिनापुरते खरे आहे. हेड कधी घासून घेतले असेल तर त्या भरवशावर राहू नये, आणि २००० सालापासून आलेल्या सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या) जिप्सीला तर हा हिशेब मुळीच लावू नये.

सामुराईसाठी अमेरिकेत ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटर, अशी मुदत दिलेली होती. आपल्याकडची धूळ, ऊन आणि उभे राहणे पाहता मी माझ्या गाडीसाठी ५ वर्षे किंवा ६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम पाळतो. तुमच्या बाबतीत मात्र नियम पाहण्याचेही कारण नाही. ज्या पट्ट्याचा इतिहास माहीत नाही तो संपलेला आहे असेच धरावे. त्यात तेलाचा ओलावा दिसतो आहे, म्हणजे पुढचे ऑइल सील गळते आहे. आणि तेल लागलेले रबर फुगते व मऊ पडते.

निवृत्त फिटर, भुसावळ

अनेरकाठ भाऊ, जो माणूस फीलर गेज लावून टॅपेट सेट करतो त्याला हे काम निश्चित जमेल. घाई करू नका, आणि गाडी दुसऱ्या दिवशी लागणार असेल तर आदल्या दिवशी उघडू नका. खाली सविस्तर लिहितो आहे. टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे, आकडे मी मुद्दाम देत नाही. ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत, कारण ९७० सीसीची जुनी जिप्सी, तुमची १२९८ सीसीची आणि नंतरची एमपीएफआय या तिन्हींची इंजिने एक नाहीत.

जिप्सीचे इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेले असल्यामुळे पट्ट्याची बाजू थेट रेडिएटरसमोर येते. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, कूलंट काढून घ्या आणि रेडिएटर सरळ बाहेरच काढा. अनेक जण तो तसाच ठेवून फटीतून हात घालतात. त्यात बोटांची साले निघतात, जाळी दबते, आणि मुख्य म्हणजे खुणा तिरक्या नजरेने पाहिल्या जातात. वॉटर पंपाच्या पुलीचे नट फॅन बेल्ट ताणलेला असतानाच ढिले करून ठेवा, कारण बेल्ट निघाल्यावर पुली हातात गरगर फिरते आणि नट सुटत नाहीत. त्यानंतर फॅनचे कवच, फॅन, बेल्ट, क्रँकची पुली आणि शेवटी टायमिंग कव्हर. कव्हरचे बोल्ट लहान असतात आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेले असतात, तेव्हा आटे जाणार नाहीत याची काळजी काढतानाही घ्या आणि बसवताना तर अधिकच घ्या. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला म्हणजे लांबीचा घोटाळा होत नाही.

आता महत्त्वाचा भाग. जुना पट्टा जागेवर असतानाच चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. क्रँकच्या मधल्या बोल्टवर गोटी पाना लावून, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, खुणा जुळेपर्यंत फिरवा. कॅमच्या चक्रावरची खूण मागच्या पत्र्यावरच्या व्ही आकाराच्या खाचेसमोर आली पाहिजे, आणि क्रँकच्या दातेरी चक्रावर जो ठोकलेला ठिपका असतो तो ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आला पाहिजे. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरची खाच आणि कव्हरवरची अंशांची पट्टी ही इग्निशनसाठी आहे. पट्टा बसवताना तिचा आधार घेऊ नका. जुन्या गाडीत या खुणांवर तेल-मातीचा कीट बसलेला असतो. रॉकेलचा बोळा फिरवून खूण स्वच्छ करा आणि खिळ्याच्या टोकाने ठिपका चाचपून पाहा, कारण कास्टिंगवरचा एखादा खड्डाही ठिपक्यासारखा दिसतो.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून रोटरचे तोंड कुठे आहे त्याची रेघ बॉडीवर मारून ठेवा. डिस्ट्रिब्यूटर कॅमच्या मागच्या टोकावरून फिरतो, त्यामुळे नवा पट्टा बसल्यावर रोटर त्याच रेघेवर आला तर ती एक स्वतंत्र साक्ष मिळते.

यानंतर व्हॉल्व्ह कव्हर उघडून सगळ्या टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करा. ही पायरी गॅरेजमध्ये सर्रास गाळली जाते, पण सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये ती आहे आणि तिला कारण आहे. टॅपेट घट्ट असताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात. पट्टा निघताच कॅम झटका देऊन जागा सोडतो, आणि नवा पट्टा बसवताना तो पट्ट्याच्या एका बाजूला खोटा ताण देतो. टॅपेट ढिले असले की कॅम जिथे ठेवाल तिथे राहतो आणि टेन्शनरच्या, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाच्या, स्प्रिंगला पट्ट्यातला खरा सैलपणा ओढून घेता येतो.

टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड सोडवून पट्टा काढा आणि त्याला उलटा वाकवून पाहा. दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसतील. जुना पट्टा वाळलेल्या चामड्याच्या वादीसारखा ताठ लागतो. एकदा पट्टा निघाला की क्रँक किंवा कॅम उगाच फिरवू नका.

समोर आता क्रँकचे सील, कॅमचे सील आणि वॉटर पंप उघडे पडले आहेत. तिन्ही बदला. या इंजिनाचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर नव्हे तर फॅन बेल्टवर फिरतो, म्हणून पुष्कळांना वाटते की तो नंतर केव्हाही काढता येईल. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर काढावेच लागतात. वर्षभराने पंप गळू लागला तर हे सगळे काम पुन्हा करावे लागेल. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर उमटला तर नवे सीलही गळणारच, तेव्हा टोकाला चिंधी गुंडाळा. नव्या सीलच्या ओठाला किंचित ग्रीस लावून ते चारही बाजूंनी समान ठोकत बसवा.

टेन्शनरचे चाक हातात धरून कानाजवळ फिरवा. खरखर लागली किंवा चाक सुटे सुटे फिरले, तर बेअरिंगमधले ग्रीस संपलेले आहे आणि टेन्शनर नवा घ्यावा. तो बसवताना एक बारीक गोष्ट सांभाळा. टेन्शनरच्या पत्र्याला एक पुढे आलेली जीभ असते, ती टेन्शनरच्या भोकात शिरली पाहिजे. जागेवर लावल्यावर पत्रा बोटाने सरकवून पाहा. पत्र्याबरोबर टेन्शनरही त्याच बाजूला हलला तर जीभ बसली आहे. हलला नाही तर सगळे पुन्हा काढून बसवा. जीभ न बसलेल्या टेन्शनरवर स्प्रिंगचा जोर पोहोचत नाही आणि असा पट्टा पुढे दात सोडतो. क्रँकच्या चक्रामागे जो बशीसारखा गोल पत्रा असतो, त्याची वाकलेली कड ऑइल पंपाकडे राहिली पाहिजे. तो उलटा बसला तर कड पट्ट्याला कापत राहते.

नवा पट्टा पिळू नका, घडी घालू नका, लिव्हर लावून चढवू नका, आणि तेलकट हाताने तर धरूच नका. त्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. आधी क्रँकवर, मग ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवत कॅमवर, आणि सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला, असा तो बसवा. स्प्रिंग अडकवा, टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड हलकेच ढिले राहू द्या, आणि क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक फेरा, त्यामुळे दोन्ही खुणा पुन्हा समोर येतात. मध्ये कुठेही कठीण लागले तर पान्यावर जोर न देता थांबा आणि कारण शोधा. खुणा जुळल्या, पट्टा सरळ चालतो आहे, तर आधी स्टड आणि मग बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मग आणखी दोन फेरे फिरवून खुणा परत तपासा. त्यानंतर टॅपेट सेट करा.

पांझरा, धुळे

आबांनी इतके नीट लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे फार नाही. पण क्रँकच्या मधल्या बोल्टाबद्दल आणि चावीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पट्ट्याच्या नादात नेमके तेच दुर्लक्षित राहते.

क्रँकच्या नाकावर एक खाच असते, त्यात अर्धचंद्राकृती चावी बसते आणि दातेरी चक्र त्या चावीमुळे जागेवर राहते. मधला बोल्ट पुरेसा आवळलेला नसेल, तर चक्र इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित हलते, चावी झिजते, आणि शेवटी क्रँकची खाचच रुंद होते. सामुराई आणि व्हितारा चालवणाऱ्यांमध्ये हा दोष सर्वज्ञात आहे. अशा गाडीत पट्टा नवा, खुणा जुळलेल्या, तरीही टायमिंग आपोआप मागे-पुढे होत राहते. इंजिन चालू असताना क्रँकची पुली समोरून डगडगताना दिसणे, हे त्याचे बाहेरून दिसणारे लक्षण आहे. चावी नवी मिळते, पण खाच गेली तर क्रँक बाहेर काढून लेथवाल्याकडे नेण्याची वेळ येते.

त्यामुळे क्रँकचे सील बदलण्यासाठी चक्र काढाल तेव्हा चावी हातात घेऊन तिच्या दोन्ही कडा पाहा. कडेवर पायरी पडलेली असेल तर ती टाकून द्या. बोल्टाचे आटे आणि क्रँकच्या आतले आटे दोन्ही तेलमुक्त करा, लॉकिंग द्रव लावा, आणि टॉर्क रेंचनेच आवळा. टॉर्क रेंच नसेल तर एखाद्या दिवसासाठी मागून आणा. हा बोल्ट अंदाजाने आवळू नका.

बोल्ट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकून एका माणसाला ब्रेकवर बसवावे, ही साधी पद्धत आहे. मात्र जिप्सीत ट्रान्सफर केसचा (दोन की चार चाकांना जोर द्यायचा ते ठरवणारा) दांडा न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर ब्रेक दाबून काहीही उपयोग होत नाही, म्हणून तो टू-हायमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या नेहमीच्या स्थितीत, आहे याची खात्री करा. काही ठिकाणी पाना चेसिसला अडकवून स्टार्टर मारून बोल्ट सैल करतात. त्यात पाना उडून हात मोडू शकतो. कृपया कोणीही तसे करू नये.

अनेरकाठ, चोपडा

आबा, पांझरा भाऊ, मनःपूर्वक आभार. सामान घेण्याआधी दोन शंका आहेत. पहिली अशी की जिप्सी किंग आणि मारुतीचीच एस्टीम कार यांचा पट्टा एकच, असे मला दोघांनी सांगितले, तर एका दुकानदाराने वेगळा असतो असे सांगितले. दुसरी अशी की आमच्याकडचे मिस्त्री जुन्या पट्ट्यावर आणि दोन्ही चक्रांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारतात, जुन्या पट्ट्यावरच्या रेघांमधले दात मोजून त्या नव्या पट्ट्यावर उतरवतात आणि तसाच तो चढवतात. ही पद्धत बरोबर आहे का?

सुट्या भागांचे दुकान, जळगाव

आमचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे आणि काउंटरवर आता मी बसते, तेव्हा पहिल्या शंकेचे उत्तर देते. "हाच तो" या तोंडी खात्रीवर पट्टा घेऊ नये, मग ती खात्री दुकानदाराची असो वा मिस्त्रीची. जुना पट्टा काढून दुकानात आणावा आणि तीन गोष्टी जुळवाव्यात : दातांची संख्या, रुंदी आणि दातांचा आकार. काही पट्ट्यांचे दात चौकोनी उताराचे असतात, काहींचे गोलाकार. संख्या आणि रुंदी जुळूनही आकार जुळला नाही तर असा पट्टा चक्राचे दात खातो. दात मोजताना पहिल्या दातावर खडूची खूण करून मोजावे, नाहीतर एखादा दात हमखास जास्त मोजला जातो. पाठीवर पार्ट नंबर वाचता येत असेल तर तो सर्वांत चांगला पुरावा.

जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, त्यामुळे काही भाग आता दुकानांमध्ये बराच काळ पडून असतात. पट्टा न वापरताही म्हातारा होतो, हे वर लिहिले गेलेच आहे. खिळ्याला टांगलेला, रबर बँडने घट्ट दुमडून ठेवलेला किंवा काचेच्या कपाटात उन्हात पडलेला पट्टा नवा म्हणून घेऊ नका. बंद डब्यातला, गोल सैल ठेवलेला आणि हाताला लवचीक लागणारा पट्टा घ्यावा. ऑइल सीलच्या बाबतीत काम सोपे आहे. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बहुधा सीलवरच छापलेली असते. मात्र क्रँकचे आणि कॅमचे सील एकमेकांत मिसळू नका, आणि पंपाचे गॅस्केट डब्यात आहे का ते दुकानातच उघडून पाहा. चोपड्याहून जळगावची दुसरी फेरी बहुधा गॅस्केटपायीच होते.

गिरणेकाठ, चाळीसगाव

पांढऱ्या रेघांबद्दल लिहितो. ही पद्धत चुकीची नाही, पण ती जुना पट्टा बरोबर बसलेला होता असे गृहीत धरते. अनेरकाठ दादांच्या गाडीचा इतिहासच माहीत नाही. आधीच्या कोणी एक दात चुकवून बसवला असेल, तर रेघा तीच चूक नव्या पट्ट्यावर उतरवतील. चक्रावरच्या मूळ खुणा हा आधार, आणि रेघा फार तर पडताळ्यासाठी, असा क्रम असावा. आबांचे मत वेगळे असेल तर त्यांनी सांगावे.

आणखी एक मुद्दा कोणी मांडला नाही, तो कव्हरचा. टायमिंग कव्हरच्या कडेला रबराची पट्टी असते. जुन्या गाड्यांत ती कडक होऊन तुटलेली असते आणि तिच्या जागी सिलिकॉन थापलेले असते, किंवा काहीच नसते. आपल्याकडच्या वापरात हे फार महाग पडते. पावसाळ्यात नाल्यातून किंवा नदीच्या फरशीवरून गाडी घातली की फॅन पाणी आणि गाळ थेट कव्हरवर फेकतो. काळ्या मातीचा हा गाळ आत शिरला, वाळला, की त्याची पिठासारखी धूळ होते आणि ती पट्ट्याच्या दातांत बसून चक्रे झिजवते. मी एका जिप्सीचे कव्हर उघडलेले पाहिले आहे, त्यात तळाशी वाळलेल्या गाळाचा थर होता आणि क्रँकच्या चक्राचे दात एका बाजूने चकचकीत, टोकदार झाले होते. अशा चक्रावर नवा पट्टा टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. कव्हरची पट्टी नवी मिळाली तर घ्यावीच, आणि खोल पाण्यातून गाडी काढल्यावर पावसाळा संपताच एकदा कव्हर सोडून आत पाहावे.

निवृत्त फिटर, भुसावळ

गिरणेकाठ यांच्याशी मी सहमत आहे. खुणा आधी, रेघा नंतर. जुना पट्टा काढण्यापूर्वी खुणा मुळातच जुळत नाहीत असे दिसले तर दोन शक्यता असतात. पट्ट्याने दात सोडला असेल, किंवा पांझरा यांनी सांगितलेली चावी झिजली असेल. दोन्ही वेळा जुन्या जागेवर नवा पट्टा न बसवता कारण शोधून पुढे जावे.

अनेरकाठ, चोपडा

काम पूर्ण केले, म्हणून सर्वांच्या माहितीसाठी जे दिसले ते नोंदवतो. कव्हर उघडताच क्रँकच्या सीलखाली तेलाचा ओघळ आणि पट्ट्याच्या आतल्या कडेला तेलाने मऊ पडलेला भाग दिसला. जवळजवळ प्रत्येक दाताच्या मुळाशी भेग होती. गिरणेकाठ दादांनी वर्तवल्याप्रमाणेच घडले : कॅमची खूण खाचेसमोर आणली असता क्रँकचा ठिपका बाणाच्या एक दात अलीकडे राहत होता. चावी काढून पाहिली, तिच्या कडा सरळ होत्या, खाचही चांगली होती. म्हणजे पट्टा आधीपासूनच चुकीचा बसवलेला असावा किंवा त्याने दात सोडलेला असावा. गाडी चढावर दम धरत नाही, ही या इंजिनाचीच मर्यादा असावी असे मला वाटत होते. आता दुसऱ्या गिअरमध्ये तोच चढ ती ज्या सहजतेने चढते, ते पाहून फरक स्पष्ट जाणवतो.

पट्टा, टेन्शनर, दोन्ही सील, वॉटर पंप, त्याचे गॅस्केट आणि कव्हरची पट्टी बदलली. टेन्शनरच्या जिभेची सूचना फार उपयोगी पडली, कारण पत्रा वरवर बरोबर बसल्यासारखा दिसत होता आणि बोटाने सरकवल्यावरच जीभ बाहेर असल्याचे कळले.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पट्टा एक दात सरकल्यामुळे इग्निशन पुन्हा सेट करावे लागेल का? आणि इंजिन गरम झाल्यावर पुढून एक बारीक सूं असा आवाज येतो, जो आधी नव्हता. तो चिंतेचा आहे का?

निवृत्त फिटर, भुसावळ

इग्निशन सेट करावेच लागेल. कॅम एका दाताने हलला म्हणजे त्याच्या मागे असलेला डिस्ट्रिब्यूटरही हलला. पूर्वीच्या कोणी तरी चुकलेल्या पट्ट्यावरच डिस्ट्रिब्यूटर फिरवून गाडी चालती केलेली असणार. इंजिन गरम करून, आयडल स्थिर करून टायमिंग लाइट लावा आणि आता त्या बाहेरच्या पुलीवरच्या खाचेचा उपयोग करा. ते होईपर्यंत गाडीवर लोड घालू नका. इग्निशन पुढे सरकलेले असेल तर चढावर इंजिन नॉक करेल, आणि या उन्हात ते पिस्टनला सोसणार नाही.

आवाजाबद्दल : सूं असा एकसारखा आवाज, जो रेस केल्यावर चढतो, तो बहुधा पट्टा जास्त ताणलेला असल्याचा असतो, किंवा फॅन बेल्टचा असतो. आधी फॅन बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवून ऐका, कारण त्या वेळी वॉटर पंप फिरत नाही आणि इंजिन तापते. आवाज गेला तर फॅन बेल्ट सैल करून पुन्हा ताण द्या. आवाज तसाच राहिला तर इंजिन थंड झाल्यावर कव्हर उघडा, टॅपेट पुन्हा ढिले करा, टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड सोडवा, आणि स्प्रिंगला तिचे काम करू देऊन दोन फेऱ्यांनंतर आवळा. आवळताना टेन्शनर हाताने पट्ट्याकडे दाबण्याचा मोह होतो, तो टाळा. ताण स्प्रिंगने द्यायचा असतो.

अनेरकाठ, चोपडा

फॅन बेल्ट काढल्यावर आवाज पूर्णपणे थांबला. तो जरा जास्तच ताणला गेला होता, आता सैल केला आहे. इग्निशनसाठी टायमिंग लाइट यावलहून एका मित्राकडून आणतो आहे. कव्हरच्या आतल्या बाजूला पट्टा बदलल्याचा महिना आणि साल पेंटने लिहून ठेवले आहे आणि तेच बॉनेटखालीही लिहिले आहे, म्हणजे गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला मीटरवर अवलंबून राहावे लागणार नाही.

गोमाईपार, शहादा

दादा, टायमिंग लाइट लावल्यावर किती अंश फरक निघाला ते इथे अवश्य लिहा. माझ्या ओळखीच्या दोन जिप्सी अशाच चढावर दम सोडतात, आणि आता त्यांचे कव्हर उघडून खुणा पाहायला मी त्यांच्या मालकांना सांगणार आहे.